कॅम्पला आई आलेली नाही

माझ्या स्वभावात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकते. मला हेवा वाटतो. जावेच्या नव्या फ्रिजचा नाही, शेजारणीच्या पाटल्यांचा नाही, तसल्या गोष्टींचं मला काही नाही. पण माझं माणूस दुसऱ्या कुणाजवळ जाऊन मोकळं हसलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लग्न नवं होतं तेव्हा नवरा त्याच्या बहिणीशी फोनवर तासभर बोलायचा आणि मी आत भांडी आदळायचे. आता त्याचं काही वाटत नाही, बोलू दे बापडा. पोरीच्या बाबतीत मात्र ही खोट गेली नाही, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी मुठा खोऱ्याच्या वरच्या डोंगरात तिचा मला चांगलाच दणका बसला.

मी घोटावड्याच्या शाळेत गणित शिकवते आणि मुलींचं गाइड पथक चालवते. पथकाची कॅप्टन म्हणजे निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, खांद्याला शिट्टीची दोरी आणि घशाला कायमची खरखर. माझी मुलगी सातवीत गेली आणि पथकात आली, तिथून भानगड सुरू झाली. पहिल्याच महिन्यात ती गाठींच्या परीक्षेत पहिली आली. आली म्हणजे आली, मी काय करू? तिचे हात झरझर चालतात. पण शाळेच्या फाटकापाशी उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "घरचंच पथक हाय, पैली यील न्हाई तर काय!" मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पोरीला समोर बसवलं आणि नियम घातला. गणवेश अंगावर चढला की मी मॅडम. आई म्हणायचं नाही, आईकडे मागतात तसं काही मागायचं नाही. ती "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली. तिनं इतक्या सहज ऐकलं हेही मला जरा लागलंच.

नियम मी इतका कडक पाळला की स्टाफरूममध्ये त्याच्या बढाया मारायचे. मैदान झाडायला आधी कोण? माझी. तंबूच्या लोखंडी काठ्या कुणाच्या पाठीवर? माझीच्या. बाकीच्या बायका म्हणायच्या, "धन्य आहे बाई तुझी!" आणि मी चहाचा घोट घेत मान हलवायचे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

तर त्या डिसेंबरात आमच्या पथकाला डोंगरातल्या एका रँचवर दोन रात्रींचा कॅम्प मिळाला. रँच हा शब्द पुण्यातल्या मालकाचा, त्यानं फाटकावर तसा बोर्ड लावलेला. खालच्या गावातले लोक त्याला घोड्यांचा फार्म म्हणतात. डोंगराच्या पठारावर दोन म्हातारी घोडी, साठसत्तर शेळ्या, चहूकडे दाट जंगल आणि जायला गाडीरस्ता नाही. मुठा गावापर्यंत टेम्पो, पुढे तीन तास पायी, आपापलं सामान पाठीवर घेऊन. बावीस मुली, मी आणि पीटीचे सर. सर सगळ्यांच्या पुढे चालायचे आणि सगळ्यांच्या आधी दमायचे.

मुठ्याला टेम्पोतून उतरलो, मुलींना रांगेत उभं केलं, हजेरी सुरू केली. तेवढ्यात माझी पोर रांगेतून पुढे आली आणि हळूच म्हणाली, "आई, बूट चावतोय गं."

बूट गेल्या वर्षीचे. यंदाही निघतील असं मीच ठरवलेलं, घरी ती एकदा कुरकुरली होती तेव्हा "चालून चालून सैल होतात" असंही मीच म्हटलेलं. पण त्या क्षणी मला बूट दिसलाच नाही, दिसल्या फक्त बाकी एकवीस जणींच्या माझ्याकडे वळलेल्या माना. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "इथं आई कोण? आई कॅम्पला आलेली नाही. ती घरी आहे, घोटावड्याला. इथं मॅडम आहेत. काय अडचण असेल ती संघनायिकेला सांगा."

मुली फिदीफिदी हसल्या. पोरीचे कान लाल झाले. ती रांगेत परत गेली, आणि मला वाटलं, वा, काय चोख काम केलं.

चढ अंगावर येणारा होता. कारवीतून वाट, मध्येच मोकळा मुरमाड उतार, पुन्हा झाडी. मी मुद्दाम मागे राहून सगळ्या पुढे जाताहेत ना ते बघत होते. वर पठारावर पोचल्यावर तपासणी घेतली, तर माझ्या पोरीच्या पायात स्लीपर. बूट लेसनं बांधून सॅकला लटकवलेले. गणवेश अपुरा म्हणून मी तिच्या संघाचे पाच गुण कापले. संघातल्या मुलींनी तिच्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

रँचवर घोडी आणि शेळ्या सांभाळायला एक धनगर कुटुंब होतं. नवरा सकाळीच शेळ्या घेऊन रानात जायचा. बाई पठारावरच असायची, चाळिशीची, काटक, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पावसाळा सोडून त्यांची मेंढरं पूर्वी मुलूखभर फिरायची, आता हे पगाराचं काम पत्करलेलं. आम्ही पोचलो तशी ती पाण्याची कळशी घेऊन समोर आली आणि म्हणाली, "दमल्या असतीला गं बायांनो. बसा, दूद तापिवते."

शेळीचं दूध! माझी पोर घरी गाईचं दूध पीत नाही. साय दिसली की नाक दाबते. रोज सकाळी आमच्याकडे पेला घेऊन तिच्या मागे धावायचा कार्यक्रम असतो. आणि तिथं तिनं त्या बाईच्या हातचं शेळीचं दूध गटागटा प्यालं, वर ओठावरचा फेस जिभेनं पुसला आणि विचारलं, "मावशी, अजून आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेरा वर्षं मी काय विष पाजत होते का? मी शिट्टी मारली आणि तंबू ठोकायला सगळ्यांना बोलावलं. पाच मिनिटं बसू दिलं असतं तर डोंगर काही पळून जात नव्हता, पण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर हद्द झाली. मी प्रार्थनेच्या आधी तंबूतून बाहेर आले तर माझी पोर त्या बाईच्या अंगणात, मांडीवर शेळीचं एवढंसं करडू, आणि मागे बसून ती बाई तिची वेणी घालतेय. दोघींचं काहीतरी चाललं होतं. काय ते ऐकू येत नव्हतं, पण पोर खिदळत होती. घरी वेणी घालताना ती माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. "दुखतंय", "ओढू नकोस", एवढंच. मी लांबूनच त्या वेणीकडे बघितलं. घट्ट, सरळ, एक केस बाहेर नाही. माझ्यापेक्षा चांगली घातली होती, खोटं कशाला बोलू.

कवायतीला ती मागे पडायला लागली. डावा पाय अर्धवट टेकवत होती. "लंगडी खेळायला आलीस का? पाय सरळ टाक!" मी ओरडले. तिनं सरळ टाकला. तेव्हा तिच्या तोंडावर काय होतं ते मी बघितलं नाही, कारण मी त्या वेणीकडेच बघत होते.

कवायत संपल्यावर मी जाहीर केलं की शेळ्यांच्या गोठ्याकडे आणि त्या घराकडे आता कुणी जायचं नाही. आरोग्याच्या दृष्टीनं. गोचिड्या असतात. मुलींनी "आंऽऽ मॅडम" म्हणून गळा काढला. पीटीचे सर हळूच म्हणाले, "अहो, शेळ्या बघायलाच तर आलोय आपण." मी त्यांना म्हणाले, "सर, तुम्ही शेकोटीची लाकडं बघा." बिचारे गेले लाकडं बघायला.

दुपारी बिनभांड्याचा स्वयंपाक होता. आमच्या पथकाचा हा आवडता प्रकार. पातेलं, तवा काही घ्यायचं नाही, काठीला कणीक गुंडाळून भाजायची, वांगी निखाऱ्यात, अंडं ओल्या मातीत लिंपून. मी चुलींमधून फिरत गुण देत होते तेवढ्यात ती बाई गवताचा भारा घेऊन जाता जाता माझ्यापाशी थांबली. भारा खाली टाकून म्हणाली, "मॅडम, ती डाव्या चुलीवरची पोरगी, शेलाटीशी, ती कुनाची वो?"

"का?" मी विचारलं.

"न्हाई, लई गुणाची हाय. पर अशी एकटी एकटी वाटती. हिच्या आईनं हिला एवढ्या लांब कशी धाडली म्हनते मी? पायात धड बूट न्हाई. आईचं ध्यान नसंल घरात, कामाला जात असंल बापडी."

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायला हवं होतं? सरळ होतं. मीच तिची आई, एवढे तीन शब्द. जिभेवर आले होते. पण एक तर लाज वाटली, आणि लाजेच्या वर राग होता. ही कोण टिकोजीराव मला सांगणारी? एका दिवसात हिला माझी पोर एकटी दिसली? मी वहीत गुणांचा आकडा गिरवत म्हणाले, "मुलींना सवय व्हायला पाहिजे." ती म्हणाली, "व्हय, ते बी खरंच," आणि भारा उचलून गेली.

त्या संघाच्या चुलीपाशी गेले. माझ्या पोरीनं भाजलेली कणीक खरपूस झाली होती, मधून कुठेही कच्ची नव्हती. दहापैकी नऊ द्यायला हवे होते. मी सहा दिले.

दुपारनंतर मागोव्याचा खेळ ठेवला होता. एक संघ पुढे जाऊन दगडांच्या, काटक्यांच्या खुणा करून ठेवतो आणि बाकीच्यांनी त्या ओळखत जंगलातून यायचं. सगळे संघ सुटले, अर्ध्या तासात परत आले. मोजल्या तर एकवीस. एक कमी. कोण कमी ते बघायच्या आधीच मला माहीत होतं, आणि कुठे असेल तेही. काळजी वाटायला हवी होती ना? पोर जंगलात हरवली असेल, पाय घसरला असेल, काहीही. ते काही मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की मी मना केलं तरी ही तिकडेच गेली. मी दणादणा गोठ्याकडे निघाले.

अंगणात पोर भिंतीला टेकून बसली होती. तिचा डावा पाय त्या बाईच्या मांडीवर. बाईनं टाच एका हातात धरलेली, दुसऱ्या हातात सुई, शेजारी रुईचं तोडलेलं पान, त्याच्या देठातून पांढरा चीक येत होता. पोरीनं डोळे घट्ट मिटले होते आणि बाईच्या लुगड्याचा काठ मुठीत आवळून धरला होता.

मी सगळ्यात आधी काय पाहिलं सांगू? पाय नाही पाहिला. ती मूठ पाहिली. तापात असली की ती अशीच माझ्या साडीचा काठ धरायची, अगदी पहिलीत जाईपर्यंत. ती मूठ माझी होती. ती त्या बाईला कशी काय देऊन टाकली हिनं? मत्सर म्हणतात तो हाच.

"हा बगा," बाईनं माझ्याकडे न बघताच सुईचं टोक वर केलं. त्यावर बोराटीचा काटा, नखाएवढा. "कालपास्नं आत हुता. सिलिपरीतनं घुसला. समदी टाच पिकाया लागलीया, आन् पोरगी तशीच नाचतीया तुमच्या कवायतीत. म्या म्हनलं मॅडमला सांग, तर न्हाई म्हनती. हिच्या आईला कळलं ना, तर जीव जाईल तिचा."

पोरीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघत राहिली, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलं बघतात तशी.

माझ्या खांद्याला प्रथमोपचाराची पेटी होती. प्रथमोपचाराचा बॅज मुलींना मीच देते. त्या पेटीत चिमटा होता, जंतुनाशक होतं, कापूस होता, सगळं होतं. मी पेटी खांद्यावरून काढलीसुद्धा नाही. म्हणाले, "झालं असेल तर पाय धुऊन रांगेत ये."

"अवो रांगंत काय?" बाई चिडली. "चीक सुकू द्या की जरा. माणूस हायसा का कोन?"

मी वळले आणि चालायला लागले. पाठीमागे बाई पोरीला हळू आवाजात काहीतरी विचारत होती आणि पोर उत्तर देत होती. ते ऐकू यावं म्हणून मी पावलं संथ केली, तरी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बाईनं सगळ्या मुलींच्या ओंजळीत भाजलेले हरभरे घातले आणि माझ्या पोरीला एका शेळीच्या गळ्यातलं लहानसं घुंगरू दिलं. पोरीनं ते लगेच सॅकला बांधलं. मग बाई माझ्याकडे आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मॅडम, काल वाईच जास्त बोलले, राग मानू नगा. एक काम करा माझं. तुमी खाली गेल्यावर हिची आई भेटंल न्हवं तुमाला? तिला निरोप सांगा माझा. म्हनावं, पोरगी लई धीराची हाय. पर लई धीर बी बरा न्हाई लेकराला."

पोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आता ही काय म्हणते याची वाट बघत. अजूनही बोलता आलं असतं.

"सांगते," मी म्हणाले.

उतरताना सर पुढे, मी मागे. पोर कुठे चालतेय ते बघायची गरज नव्हती, घुंगरू वाजत होतं. सगळी वाटभर, कारवीतून, मुरमातून, टेम्पोतसुद्धा, प्रत्येक खड्ड्याला वाजलं. ते घुंगरू काढून दरीत भिरकावून द्यावं असं मला किती वेळा वाटलं त्याचा हिशोब नाही. आमचीही डोंगरउतारावर जमीन होती, सासऱ्यांनी विकायच्या आधी. तिथं शेळ्या असत्या तर मीही दिलं असतं घुंगरू, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. इतकी मी खुळावले होते.

घरी आल्यावर चार दिवस मी तिला पायाचं विचारलं नाही. विचारायचं म्हणजे ते अंगण, ती मांडी, सगळं पुन्हा निघणार. आणि आतून हट्टही होता, की तिनं आपणहून येऊन सांगावं. मी तिची आई आहे, तिनं यायला नको का? ती मोजे घालून शाळेत जात होती, घरी आल्यावर अभ्यासाला बसत होती. दूध पीत नव्हती. नवे बूट मात्र मी दुसऱ्याच दिवशी आणून तिच्या पलंगाखाली ठेवले होते. ते तिनं घातले.

कॅम्पहून आल्यावर प्रत्येक मुलीला सहलीची नोंदवही लिहावी लागते. शेवटी दोन सह्या लागतात, एक कॅप्टनची आणि एक पालकांची. हा नियमही माझाच, मुली घरी वही दाखवत नाहीत म्हणून केलेला. गुरुवारी संध्याकाळी मी भेंडी चिरत होते तेव्हा ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली.

"सही पाहिजे," ती म्हणाली.

"शाळेत दे. उद्या सगळ्यांच्याच करणार आहे."

"ती नाही. पालकांची."

मी हात पुसले आणि वाचायला लागले. अक्षर सुंदर, समास आखलेला. पहिल्या दिवशीचं अंतर, दिशा, वाटेतली झाडं, सगळं नीट. पाच गुण कापल्याचंही लिहिलं होतं, कारणासकट. दुसऱ्या दिवसाच्या पानावर खाली लिहिलं होतं:

"माझ्या पायात काटा गेला होता. तो मावशींनी काढला. मॅडमना सांगितले नाही, कारण तपासणीत आपल्या संघाचे गुण आधीच गेले होते. काटा काढल्यावर मावशींनी विचारले, तुझी आई कुठे असते? मी म्हणाले, आई कॅम्पला आलेली नाही, ती घरी आहे, घोटावड्याला. मावशी म्हणाल्या, मग घरी गेलीस की आधी आईला पाय दाखव. मी हो म्हणाले."

मी ते दोनदा वाचलं. एक शब्द खोटा नव्हता. माझंच वाक्य तिनं जसंच्या तसं नेऊन तिथं ठेवलं होतं, आणि राग म्हणून नाही, मॅडमनी सांगितलं ते खरं धरून.

मी खाली बसले, फरशीवरच. "दाखव," म्हणाले.

ती समोर बसली, मोजा काढला आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी टाच हातात घेऊन उजेडाकडे वळवली. बघण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जखम बुजली होती, कातडी कोरडी, सूज नाही. रुईच्या चिकाचा काळपट डाग तेवढा होता. बाईनं काम इतकं नीट केलं होतं की माझ्यासाठी फुंकर घालायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. तरी मी अंगठ्यानं त्या डागावरून हात फिरवत राहिले.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"आता नाही," ती म्हणाली. "तेव्हा दुखत होतं, आई."